किरकोळ प्रकार

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन शेजारणींचं चपलांच्या स्टँडवरून जुंपलं होतं. एकीचं म्हणणं, स्टँड रोज माझ्या दाराकडे सरकतो. दुसरीचं म्हणणं, स्टँडला काय पाय फुटलेत? भांडण मिटवायला आलेली ती खालच्या पायरीवर बसून दोघींचं ऐकत होती. भांडणाऱ्यांनी आपल्याकडे खाली बघितलं पाहिजे, म्हणजे त्यांचा आवाजही आपोआप खाली येतो, हे तिला सुरुवातीच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं, आणि सहा वर्षांत ते अंगात इतकं मुरलं होतं की घरी एकटी असतानाही ती खुर्ची सोडून जमिनीवरच बसायची. अंगात राखाडी जाकीट, त्याच्या पाठीवर ‘मध्यस्थ’ एवढंच लिहिलेलं. खांद्याला पिशवी, तिच्यात पाण्याची बाटली, कागदी रुमाल, मलमपट्टीचं थोडं सामान आणि फॉर्मचं पॅड. काठी नाही, शिट्टी नाही. पोलिसांनी जिथे जाऊ नये असं शहराने उशिरा का होईना ठरवलं, तिथे ती जायची. “तुम्ही दोघी किती वर्षं ओळखता एकमेकींना?” तिने विचारलं. बावीस, दोघी एकदमच म्हणाल्या. “आणि हा स्टँड?” “झाला असेल की महिना,” एक म्हणाली, आणि दुसरीला हसू फुटलं. हसू फुटलं की निम्मं काम झालं. मध्यस्थांच्या केंद्रात तिचं त्यासाठी नाव होतं. बावन्नाव्या वर्षी डोकं कापसासारखं पांढरं, त्यामुळे बरोबरीचे तिला ‘आजी’ म्हणायचे, आणि आजीला पाठवलं की मिटतं, असंही म्हणायचे. ती फॉर्म काढत होती तेवढ्यात फोन वाजला. केंद्रातली नवी मुलगी होती, कायम सर्दी झालेली. “मॅडम, अजून एक आहे. किरकोळच आहे. औषधांच्या दुकानात एक वयस्कर बाई जमिनीवर बसल्यात, उठायला तयार नाहीत. दुकानदार वैतागलाय.” मग तिने पत्ता वाचला. मोठा चौक, बसथांब्याच्या समोर, चष्म्याच्या दुकानाला लागून. “परत सांग,” ती म्हणाली. मुलीने नाक ओढून परत सांगितलं. तिला ते ऐकू आलं, पण खूप खोलातून, डोकं पाण्याखाली असताना काठावरचं कुणी बोलावं तसं. समोरच्या बाईच्या पायातल्या निळ्या स्लिपरचा अंगठा फाटला होता, तेवढंच दिसत राहिलं. ज्याचा ज्या जागेशी संबंध असेल त्याने तिथलं काम घ्यायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं, असा नियम होता. जोडीने जायचं असतं, आणि तिचा जोडीदार तापाने घरी होता, हेही कारण पुरलं असतं. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. “घेते,” ती म्हणाली.

तिथून तो चौक चालत दहा मिनिटांवर होता, आणि सात वर्षांत ती तिथून एकदाही गेली नव्हती. बसने जायचं झालं तर एक थांबा आधी उतरून मागच्या गल्लीतून वळसा घालायची, लोकांना सांगायची, चालणं होतं तेवढंच. आज सरळ चालली. ऊन चढलं होतं, अकराचा सुमार असेल, दुकानांपुढे पाणी मारलेलं वाळत होतं. जमिनीवर बसलेली बाई म्हणजे कोण असेल, हा विचार तिने केला नाही. तिच्या डोक्यात त्या दुकानाच्या जमिनीवर बसलेलं एकच माणूस होतं, आणि ते बाई नव्हतं. तो तिचा भाचा होता, ताईचा एकुलता एक. लहानपणी गुबगुबीत म्हणून त्याला ढब्बू म्हणायचे. पुढे चोवीस वर्षांचा होऊन काडीसारखा वाळला तरी ढब्बूच राहिला. विसाव्या वर्षी त्याच्या डोक्यात आवाज यायला लागले. गोळ्या सुरू झाल्या, कॉलेज सुटलं. बरे दिवस असायचे तेव्हा तो ताईला भाजी निवडून द्यायचा, मावशीला फोन करून तिच्या पोलीस ठाण्यातल्या गमती विचारायचा. वाईट दिवशी तो असेल तिथे खाली बसायचा, दुकानात, जिन्यात, एकदा बँकेच्या रांगेत. “खाली बसलं की आवाज डोक्यावरून जातात मावशी,” त्याने एकदा तिला समजावून सांगितलं होतं, अगदी मोठ्या माणसाने लहानाला सांगावं तसं. कुणाला कधी साधा धक्का लागला नाही त्याचा. फक्त उठायचा नाही. मग ताई फोन करायची, “साध्या कपड्यांत ये गं.” आणि ती जायची, त्याच्या शेजारी फतकल मारून बसायची, अर्ध्या तासाने दोघं हात धरून बाहेर यायची. तेव्हा तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. आवाज वरून जातात म्हणून ती खाली बसायची, एवढंच.

आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि ताई सतराची. त्यानंतर तिची वेणी ताईने घातली, शाळेत तक्रार आली तर ताई गेली, पहिल्यांदा कपडे खराब झाले तेव्हा दार लावून ताईनेच सगळं सांगितलं, लाजून लाल होत, कारण तिला स्वतःला सांगणारं कुणी धड नव्हतं. पोलिसात भरती व्हायचं वेड तिचं, पण पळायला नेलं ताईने. पहाटे मैदानात ताई स्वेटर घालून उभी राहायची, हातात घरातलं गजराचं घड्याळ, कारण दुसरं घड्याळ नव्हतं, आणि ती फेरी मारून आली की ताई ओरडायची, “मेले, म्हैस बरी पळेल!” आणि मग तिच्या पायांना तेल चोळायची. ताईचं लग्न झालं, ढब्बू सहा वर्षांचा असताना भावोजी गेले, तेव्हा ती वर्दीत होती, कमावती होती, आणि तिला वाटलं होतं, आता फेड करायची वेळ आली. तिने लग्न केलं नाही. लोक विचारायचे, तर ती म्हणायची, मला पोरगा आहे की. ढब्बूला तिने एकदा पोलिसांच्या गाडीत बसवून चक्कर मारली होती, आठ वर्षांचा असेल. भोंग्याचं बटण त्याला दाबू दिलं होतं, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला होता की गाडी चालवणारा हवालदारही हसत सुटला. तेव्हापासून रस्त्यात कुठलीही पोलीस गाडी दिसली की तो म्हणायचा, मावशीची गाडी. पुढे आजार सुरू झाल्यावर तिने त्याच्याकडून एक गोष्ट घोकून घेतली होती. “हे बघ, वर्दीतल्या कुणीही ‘थांब’ म्हटलं, की जिथे असशील तिथे थांबायचं. हलायचं नाही. मग तुला कुणी काही करणार नाही.” त्याने मान डोलावली होती. तो शब्दाचा पक्का होता.

दुकान बदललं होतं. मालक नवा, पाटी नवी, काचेचं आपोआप मिटणारं दार. काचेच्या वरच्या अर्ध्या भागावर मात्र तशाच जाहिराती चिकटवलेल्या, खोकल्याच्या, केसगळतीच्या, बाळाच्या दुधाच्या. दार ढकलल्यावर थंड हवा आणि औषधांचा वास एकदम तोंडावर आला. काउंटरमागे तिशीतला माणूस होता, शर्टाच्या खिशाला तीन पेनं लावलेला. तिला बघून त्याचा चेहरा उतरला. “तुम्ही एकट्याच? मी पोलिसांना फोन केला होता. ते म्हणाले असल्या किरकोळ गोष्टींना हल्ली तुम्ही लोक जाता.” “हो.” “मग उठवणार कसं त्यांना? तुमच्याकडे तर काहीच नाही.” “बघू,” ती म्हणाली. “केव्हापासून बसल्यात?” “दुकान उघडलं तेव्हा आल्या, गुडघ्याचं मलम मागितलं. मी आत शोधतोय तर खाली बसलेल्या. म्हटलं आजी, गिऱ्हाइकं येतात, वाटेत बसू नका, तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की… शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. पण मी म्हटलं उठा, त्या म्हणाल्या, नाही. मी म्हटलं पोलीस बोलावीन. त्या म्हणाल्या, बोलवा.” तो थोडा ओशाळला होता. “मलम पिशवीत घालून दिलंय मी त्यांना. तसा मी काही वाईट माणूस नाही हो.” त्याने वजनकाट्याच्या पलीकडे बोट दाखवलं.

पाठ भिंतीला टेकलेली, एक पाय लांब सोडलेला, एक दुमडलेला. चष्म्याची दोरी गळ्यात. मांडीवर मलमाची कागदी पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. साठ वर्षांचं वय, पण दिसायला सत्तरीची. ताईच्या हनुवटीखालची कातडी सुटली होती, हे तिला आधी दिसलं, आणि मग ती ताई आहे हे कळलं, असा काहीतरी उलटा प्रकार झाला. सात वर्षांत तिने ताईला दोनदा लांबून पाहिलं होतं, दोन्ही वेळा पाठमोरी. ताई भांडली नव्हती. एका शब्दाने बोलली नव्हती. फक्त थांबली होती, चालू असलेलं नळाचं पाणी थांबावं तशी. फोन उचलायची, हिचा आवाज ऐकला की खाली ठेवायची, आदळायची नाही, हळूच ठेवायची. दाराची बेल वाजवली की आतून पावलं दारापर्यंत यायची आणि परत जायची. त्या परत जाणाऱ्या पावलांपेक्षा ताईने तिला चपलेने मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला कितीदा वाटलं होतं.

प्रशिक्षणात सांगतात, आधी आपलं नाव सांगा, मग त्यांचं विचारा. ‘शांत व्हा’ म्हणू नका. ‘का’ हा शब्द वापरू नका. तिने पिशवी खाली ठेवली आणि ताईपासून हातभर अंतरावर, भिंतीला पाठ टेकून बसली. फरशी गार होती. पांढऱ्यावर काळे ठिपके, तीच. ताईने मान वळवली नाही.  एक माणूस आला, चिठ्ठी दिली, दोघींना वळसा घालून गेला. औषधवाला गोळ्यांची पाकिटं मोजल्यासारखं करत होता.

“आलीस,” ताई म्हणाली. आवाज तोच, जरा बसलेला.

“हो.”

“त्याने पोलिसांना बोलावलं होतं. मला वाटलं पोलीस येतील.”

“आता आम्ही येतो. असल्या कामांना.”

“कसल्या?”

तिच्या तोंडात तो शब्द तयार होता, रोज दहादा वापरायचा, आणि तो बाहेर येईना. सात वर्षांपूर्वी ढब्बूसाठी आलेल्या पोलीस गाडीच्या नोंदवहीतही तोच लिहिला होता. किरकोळ प्रकार, औषधांचं दुकान. खाली दुसऱ्या शाईत पुढचं सगळं. पोलिसांना पाहून इसम पळाला. थांब असे बजावले असता रस्त्याच्या मध्यभागी थांबला. बसचालकास ब्रेक लावण्यास अवधी मिळाला नाही. ‘थांबला’ हा शब्द वाचल्यावर ती ठाण्याच्या बाकावर बसली होती आणि तिला उठता आलं नव्हतं, कारण ते थांबणं तिने शिकवलेलं होतं. गाडीतली ती दोन पोरं वाईट नव्हती. त्यांनी त्याला हातही लावला नव्हता. नुसती गाडीतून उतरली होती, वर्दीत, आणि ओरडली होती. चौकशी झाली, दोघांच्या बदल्या झाल्या, पेपरात चार दिवस आलं, वर्षभराने शहराने हे मध्यस्थांचं केंद्र काढलं, आणि वर्दी उतरवून सगळ्यात आधी नाव दिलं ते तिने. लोकांनी तिचं कौतुक केलं होतं. भाचा गेला, तरी बघा, त्यातून काहीतरी चांगलं घडवलं. ती मान खाली घालून ऐकायची.

“मी मुद्दाम नाही आले इथे,” ताई म्हणाली. “आमच्याकडचं दुकान बंद होतं. बस इथे थांबली, म्हटलं जाऊ दे, किती दिवस घाबरायचं एका दुकानाला. आत आले आणि गुडघ्याने धोका दिला. बसले. मग तो म्हणाला, आजी उठा. आणि मला उठताच येईना. गुडघ्यामुळे नाही.” ती थांबली. “ढब्बूला कसं वाटत असेल ते कळलं. उठ म्हटलं की अजून जड होतं माणूस.”

 तिने पिशवीतली बाटली काढली, टोपण उघडलं, ताईपुढे धरली. ताईने घेतली नाही. तीही प्यायली नाही. बाटली दोघींच्या मध्ये ठेवली.

“त्या दिवशी मी लांब नव्हते,” ती म्हणाली.

हे वाक्य ती सात वर्षं म्हणत आली होती, आरशासमोर, बसमध्ये, दुसऱ्यांची भांडणं ऐकता ऐकता. प्रत्यक्षात ते अगदी साध्या आवाजात निघालं, वाटाघाटीच्या वेळी ती वापरायची त्याच आवाजात, आणि तिला स्वतःच्या त्या आवाजाची किळस आली. “तुला सांगितलं मी शहराच्या दुसऱ्या टोकाला होते म्हणून गाडी पाठवली. खोटं आहे ते. मी इथेच होते, मागच्या गल्लीत. पार्लरमध्ये. दुसऱ्या दिवशी बढतीचा फोटो काढायचा होता. केसांना रंग लावला होता, डोक्यावर प्लास्टिकची टोपी. तुझा फोन आला. त्या महिन्यातला चौथा होता ताई. मी तुला म्हटलं, आलेच. आणि मग त्या बाईला विचारलं, धुवायला किती वेळ. ती म्हणाली, अर्धा तास तरी ठेवायला पाहिजे, नाहीतर पट्टे पडतील. मी आरशात बघितलं. टोपी घालून रस्त्यातून कशी जाऊ. म्हणून खुर्चीत बसूनच गाडीसाठी फोन केला. म्हटलं, किरकोळ आहे, माझाच भाचा आहे, जरा उठवून घरी सोडा. एवढं करून मी मासिक वाचत बसले. मी मासिक वाचत होते ताई.”

काउंटरमागचा आवाज थांबला होता. औषधवाला पाठमोरा उभा होता, कपाटाच्या बंद दाराकडे बघत. ती ताईकडे बघू शकत नव्हती. खालून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसत होते, काचेपलीकडे.

“माहीत आहे,” ताई म्हणाली.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“दवाखान्यात आलीस तेव्हा केस ओले होते तुझे. आणि कानामागे काळा डाग होता, इथे, मानेपर्यंत ओघळलेला. मी तुझ्या गळ्यात पडले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोरच होता तो. वास पण येत होता. तुझी वेणी घातलीय मी दहा वर्षं, तुझ्या डोक्याचा वास मला माहीत नाही?” ताई हे भांडल्यासारखं बोलत नव्हती. थकून, सावकाश बोलत होती, पायऱ्या उतरताना एकेक पाऊल टाकावं तशी. “मला वाटलं, सांगेल. आज नाही तर उद्या. पहिल्या महिन्यात फोन करायचीस तेव्हा मी उचलायचे ना? उचलायचे. वाटायचं, आज सांगेल. तू म्हणायचीस, ताई जेवलीस का. मी ठेवून द्यायचे. दारात यायचीस, मी आत उभी असायचे. तू म्हणायचीस, ताई दार उघड. त्यापेक्षा ते एक वाक्य बोलली असतीस. मी तुला मारलं असतं. खूप मारलं असतं. आणि मग आपण दोघी मिळून रडलो असतो गं. माझं आणखी होतं कोण? त्याला लहानपणापासून बघितलेलं, त्याचं बोलणं माहीत असलेलं, तुझ्याशिवाय कोण होतं? सात वर्षं मी एकटीने रडले. ते तू माझ्याकडून काढून घेतलंस.”

तिने तोंडावर हात दाबून धरला. आजवर तिने शेकडो माणसांना रडताना पाहिलं होतं, त्यांना कागदी रुमाल दिले होते, आणि आता पिशवी हाताशी असूनही तिला तो काढायचं सुचलं नाही. तिला वाटत होतं, गुन्हा एकच होता, त्या अर्ध्या तासाचा. तो रोज नव्याने केला जात होता, दर फोनला, दर बेलला, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. लोकांच्या जिन्यात बसून ती लोकांना सांगत आली होती, बोला, एकमेकांशी बोला, बोलल्याने सुटतं. आणि लोकांचं सुटतही होतं.

“अजून एक सांगायचंय,” ताई म्हणाली. “ते मला आज कळलं. इथे बसल्यावर.” तिने पहिल्यांदा हात उचलला आणि दाराकडे बोट केलं. “बघ. उभं राहिलं की त्या जाहिरातींमुळे बाहेरचं काही दिसत नाही. तेव्हाही होत्या तशा. मी त्याच्या शेजारी उभी होते. तो खाली होता. त्याला मी सांगितलं होतं, मावशी येतेय हं. त्याने तोंड पुसलं, शर्ट नीट केला. शहाण्यासारखा बसून होता. आणि एकदम म्हणाला, आई, मावशी आली. मी दाराकडे बघितलं, कुणी नव्हतं. मला वाटलं भास होतोय त्याला. मी म्हटलं, नाही रे राजा, अजून नाही आली. तो उठला आणि गेला. मी सात वर्षं समजत होते, त्याच्या डोक्यातल्या कुणीतरी नेलं त्याला.” ताईचा हात खाली पडला. “इथून रस्ता दिसतो. खालच्या काचेतून. थेट पलीकडच्या कडेपर्यंत. त्याला गाडी दिसली असणार तुझी. त्याला भास नव्हता झाला. शेवटच्या वेळी तो अगदी बरा होता, शुद्धीवर होता. त्यांनी लिहिलं पळाला. तो पळाला नव्हता गं. तो तुला घ्यायला गेला होता.”

तिने खालच्या काचेतून बघितलं. रस्ता दिसत होता. पांढरे पट्टे, टायर, थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांच्या पोटऱ्या, एका बाईच्या हातातली हेलकावणारी पिशवी. सगळं स्वच्छ दिसत होतं. तिच्या छातीतून एक आवाज निघाला, तो रडण्याचा नव्हता, कुणीतरी जड वस्तू उचलताना काढतो तसा होता, आणि मग तो थांबेना. ती पुढे वाकली, कपाळ फरशीला टेकलं. औषधवाल्याने दाराशी जाऊन ‘बंद आहे’ची पाटी फिरवली आणि तो आतल्या खोलीत निघून गेला. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिच्या डोक्याजवळची बाटली तेवढी बाजूला केली, लागेल म्हणून.

किती वेळ गेला कोण जाणे. ताई म्हणाली, “हात दे.”

तिने मान वर केली.

“हात दे म्हटलं. उठायचंय मला. माफ केलं असं समजू नकोस. गुडघा धड नाही म्हणून.”

तिने आधी स्वतः उठून ताईच्या दोन्ही काखांत हात घातले. ताई हलकी झाली होती, नुसती हाडं. उभी राहिल्यावर ताईने कपडे झटकले, चष्मा लावला, आणि आतल्या खोलीकडे बघून मोठ्याने म्हणाली, “जाते हो. तुमची काही चूक नाही.” बाहेर ऊन डोळ्यांवर आलं. ताईची बस पलीकडून होती. दोघी पांढऱ्या पट्ट्यांशी उभ्या राहिल्या. दिवा हिरवा झाला तरी ताई हलली नाही. माणसं दोन्ही बाजूंनी निघून गेली, दिवा लाल झाला, परत हिरवा झाला. मग ताईने तिचं मनगट पकडलं, लहान मुलाचं रस्ता ओलांडताना पकडतात तसं, बोटं रुतेपर्यंत, आणि चालायला लागली. मध्यावर आल्यावर तिचेच पाय जड झाले. “चल,” ताई म्हणाली, समोर बघत. पलीकडे पोचल्यावर ताईने मनगट सोडलं.

बस लवकर आली. ताई एक पाय वर ठेवून, दांडा धरून क्षणभर थांबली, आणि तिला वाटलं ताई आता काहीतरी बोलेल, ये म्हणेल, किंवा येऊ नकोस म्हणेल, दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. ताईने तिच्या केसांकडे बघितलं. एवढे पांढरे झालेले तिने बहुतेक आत्ताच नीट पाहिले असावेत. ओठ हलल्यासारखे झाले. मागचा माणूस म्हणाला, चला आजी, आणि ताई वर चढली. पलीकडच्या बाजूच्या खिडकीत बसली, त्यामुळे दिसली नाही.

ती थांब्याच्या लोखंडी बाकावर बसली. मनगटावर चार लाल खुणा होत्या, त्या हळूहळू विरत होत्या, आणि त्या विरू नयेत म्हणून ती दुसऱ्या हाताने ते मनगट धरून राहिली. फोन वाजला. पहिल्यांदा तिने वाजू दिला. दुसऱ्यांदा उचलला.

“मॅडम, त्या औषधांच्या दुकानातल्या बाई?” केंद्रातल्या मुलीने विचारलं.

“गेल्या. घरी गेल्या.”

“मग मोकळ्या झालात ना तुम्ही? इथे अजून एक आलंय, छोटंसंच आहे, लिफ्टवरून…”

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. समोरून एक बस गेली, तिच्या पाठोपाठ दुसरी. “मॅडम?” मुलगी म्हणाली. “ऐकू येतंय ना?”

“येतंय,” ती म्हणाली. “मी नाही झाले मोकळी. अजून नाही.”

मुलगी मग नेहमीचं नाक ओढायचं विसरून, जरा घाबरल्यासारखी म्हणाली, “बरं मॅडम. बसा तुम्ही. मी लाइनवर आहे.”